तोफा सगळेच दाखवतात, रेडिएटर कुणीच दाखवत नाही

पाऱ्याचा_थेंब (धागालेखक)

परवा भाचा राहायला आला होता. नववीत आहे. जेवणं झाल्यावर दोघांनी मिळून एक अंतराळयुद्धाचा सिनेमा लावला. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका सिनेमाचा नाही. चाळीसेक जहाजं समोरासमोर, निळ्या-तांबड्या किरणांचा पाऊस, मोठ्या जहाजाचे दोन तुकडे होऊन ते 'खाली' पडतायत (खाली म्हणजे कुठं ते दिग्दर्शकालाच ठाऊक). मी सवयीप्रमाणे मनात चुका मोजत होतो. आवाज झाला, आगीचे लोळ झाले, विमानासारखी वळणं झाली. माझी यादी ठरलेली आहे. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, एवढं फायर करतायत तर तापत नाही का काही? माझ्या लॅपटॉपवर गेम लावला की दहा मिनिटांत पापड भाजता येईल."

हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. वीस वर्षं विज्ञानकथा वाचणाऱ्या माणसाला नववीतल्या पोरानं गाठलं. झोप लागेना, मग कागद घेऊन बसलो.

अवकाश थंड असतं असं आपण सहज म्हणून जातो. पण थर्मासच्या दोन भिंतींमध्येही पोकळीच असते, आणि म्हणूनच चहा गरम राहतो. जहाज म्हणजे तो चहा. बाहेर वारा नाही, पाणी नाही, उष्णता वाहून नेणारं काहीच नाही. प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपात, जेवढी जाईल तेवढीच जाणार. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या फोटोत सौर पंखांशिवाय पांढरे, घड्या घातलेल्या पडद्यासारखे पत्रे दिसतात ना, ते रेडिएटर. त्यांतून अमोनिया खेळवून साधारण ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकता येते. आणि तिथं कुणी कुणावर गोळी झाडत नाही.

आता १ मेगावॅटची लेझर तोफ धरा. कार्यक्षमता ३० टक्के धरू, म्हणजे तोफेला ३.३ मेगावॅट वीज लागली आणि त्यातले २.३ मेगावॅट उष्णता होऊन जहाजातच राहिले. खोलीच्या तापमानाचा, म्हणजे २७ अंशांचा पत्रा एका चौरस मीटरमधून जेमतेम ४६० वॅट बाहेर टाकतो. हिशेब केला तर ५००० चौरस मीटर पत्रा लागतो. एका तोफेला. आपल्या भाषेत पन्नास गुंठे. पत्र्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या तर पंचवीस.

पत्रा तापवून लाल केला तर गणित एकदम पालटतं. ७२७ अंशांना तोच चौरस मीटर ५७ किलोवॅट फेकतो, म्हणजे अर्ध्या गुंठ्यात काम भागतं. पण मग तोफ तरी तितकी तापलेली चालायला हवी, नाहीतर थंड तोफेतली उष्णता उपसून तप्त पत्र्यात चढवणारा पंप हवा. तो पंप वीज खाणार आणि स्वतःही तापणार.

आणि हे नाजूक, लालभडक, जहाजाहून मोठे पत्रे शत्रूला लांबून दिसणार. गोळी आधी कुठं बसेल ते सांगायला नको. ते वाचवायला मिटून घेतले तर आपलीच तोफ आपल्याला आतून शिजवणार. मला तर यात अख्खी कादंबरी दिसते! मग हे पडद्यावर का येत नाही?

एक किस्सा आठवला. १९६८ सालचा '२००१: अ स्पेस ओडिसी' हा वास्तवाला धरून असलेल्या सिनेमांचा मानबिंदू. त्यातल्या डिस्कव्हरी जहाजाच्या सुरुवातीच्या आराखड्यांत मोठाले रेडिएटर होते. ते पंखांसारखे दिसतात, आणि हवाच नाही तिथं पंख कशाला असं प्रेक्षकाला वाटेल, म्हणून काढून टाकले. म्हणजे चूक दिसू नये म्हणून चूक केली.

तर मंडळी, अवकाशातली शस्त्रं खरी असावीत की नुसती झकास दिसावीत? तुम्हाला काय खटकतं, काय चालतं?

टवाळ

रुमाल टाकून ठेवतो. पन्नास गुंठ्यांचा.

गल्लीबोळ

पन्नास गुंठे?! आमच्या बाजूला हा हिशेब सांगितलात तर लोक तोफ सोडतील आणि रेडिएटरचे प्लॉट पाडून विकतील. एनए झालंय का ते आधी बघा. (हलके घ्या.)

शेवटची_लोकल

धागा आवडला, पण दुसऱ्या बाजूने बोलणारं कुणीतरी पाहिजे म्हणून मी.

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'ची शेवटची लढाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या दृश्यांचे इफेक्ट तयार व्हायच्या आधी जॉर्ज लुकासने कच्च्या संकलनात त्या जागी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या चकमकींचं फुटेज लावलं होतं. तंत्रज्ञांना ते दाखवून सांगितलं, असं पाहिजे. म्हणून ती यानं वळताना कलतात, शेपटाला लागतात, गोलंदाज काचेच्या बुडबुड्यात बसून बंदूक फिरवतो. पोकळीत यान कलायला काहीच कारण नाही, हे मलाही माहीत आहे. पण त्या कलण्यावरूनच चालवणाऱ्याचा जीव किती मुठीत आहे ते कळतं. सरळ रेषेत जाणारा ठिपका बघून माझ्या पोटात गोळा येत नाही.

त्याआधी १९६६ मध्ये 'स्टार ट्रेक'च्या एका भागात अदृश्य होणाऱ्या शत्रूजहाजाशी झुंज होती. ती सरळसरळ पाणबुडी आणि विनाशिकेच्या युद्धपटावरून उचललेली. सगळे श्वास रोखून, हळू आवाजात बोलतायत. पोकळीत! पलीकडच्या जहाजाला काय ऐकू जाणार होतं? तरी तो भाग आजही लोक नावाजतात.

थोडक्यात, अंतराळयुद्ध आजवर कुणी पाहिलेलंच नाही. मग लेखक पाहिलेलं युद्ध आणून तिथं लावतो. एकाने आकाश आणलं, दुसऱ्याने समुद्र. त्यात फसवणूक कसली?

आणि 'स्टार वॉर्स'मधल्या ग्रह फोडणाऱ्या त्या गोलाबद्दल बोलायचं तर, पृथ्वीएवढ्या ग्रहाचे तुकडे कायमचे विखरून टाकायला सूर्य जवळपास आठवडाभरात जितकी ऊर्जा बाहेर टाकतो तितकी लागते. तिथं एका सेकंदात काम होतं. हे कळल्यावर माझी मजा वाढलीच, कमी नाही झाली.

अनुराधा_नक्षत्र

मी ध्वनिसंकलनाचं काम करते (मालिका, डबिंग, काय मिळेल ते), त्यामुळे आवाजाबद्दल दोन शब्द.

पोकळीत आवाज नसतो हे वाक्य मला प्रत्येक लग्नसमारंभात कुणीतरी ऐकवतं. ठीक आहे. पण आवाज हे माझ्या हातातलं बोट आहे, मी त्याने दाखवते की आता इकडे बघा. पन्नास वस्तू एकाच वेळी हलणाऱ्या चौकटीत प्रेक्षकाचा डोळा हरवतो. डावीकडून आवाज आला की तो डावीकडे वळतो. आवाज काढलात तर दिग्दर्शकाला चौकटच निराळी बांधावी लागते: वस्तू कमी, शॉट लांब. '२००१'मध्ये तसंच केलंय, म्हणून तिथली शांतता पेलली जाते. नेहमीच्या गजबजलेल्या दृश्याचा नुसता आवाज बंद केलात तर ते खरं वाटत नाही. टीव्ही म्यूट झालाय असं वाटतं.

ध्वनिकार बेन बर्टने 'स्टार वॉर्स'च्या बंदुकांचा आवाज रेडिओच्या मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारेवर हातोडी मारून मिळवला. शत्रूच्या छोट्या यानांची किंकाळी म्हणजे हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी गाडी. आमच्या धंद्यात हे ज्ञानेश्वरीसारखं वाचतात. त्या आवाजांत यंत्र कमी आणि जनावर जास्त आहे, म्हणून भीती वाटते.

मधला मार्गही आहे. २०१३ च्या 'ग्रॅव्हिटी'मध्ये बाहेरचे बहुतेक आवाज कंप म्हणून येतात. अंतराळवीराचा हात वस्तूला लागला की हातमोज्यातून, सूटमधून जेवढं पोचेल तेवढंच, दबलेलं. विज्ञान म्हणून ते बरोबर आहे, आणि छातीत धडकीही भरते. पण त्यासाठी कुणीतरी महिनोन्महिने बसावं लागतं. आमच्याकडे उद्या संध्याकाळी एपिसोड जायचा असतो.

पाऱ्याचा_थेंब

अनुराधा, 'टीव्ही म्यूट झालाय' हे अगदी पटलं. माझ्या यादीतून आवाज वजा.

लोकल, तुमच्याशी अर्धा सहमत. उसनं आणायला हरकत नाही, पण दर वेळी त्याच दोन घरांतून का? आकाश आणि समुद्र वापरून झाले. अवकाशाचं स्वतःचं जे आहे (उष्णता, अंतरं, वाट बघणं) ते कुणी हातात घेत नाही, ही माझी तक्रार.

लेझरचंच घ्या. किरण बाजूने दिसत नाही, कारण तो विखुरायला धूळच नाही. तो कायम बारीकही राहत नाही. १ मीटर व्यासाचा आरसा आणि १ मायक्रॉन तरंगलांबी धरली तर १००० किलोमीटरवर त्याचा ठिपका जवळपास अडीच मीटरचा होतो. मेगावॅटची तोफ तिथं शत्रूच्या पत्र्याला साधारण दीडशे सूर्यांइतकं ऊन देते. १०,००० किलोमीटरवर ठिपका २४ मीटरचा आणि ऊन दीड सूर्याचं.

टवाळ

दीड सूर्य म्हणजे नागपूरचा मे महिना. शत्रू टोपी घालून येईल.

ओहोटी

मी कुडाळचा. लहानपणापासून दशावतार बघत आलोय, म्हणून मला हा वाद थोडा वेगळा दिसतो.

दशावतारात युद्ध कसं होतं? मंडप देवळापुढचा, मागे एक पडदा, बसायला एक बाकडं. राक्षस आणि राजा लाकडी तलवारी घेऊन गोल फिरतात. पखवाज आणि झांज चढत जाते, हार्मोनियमवाला घाम पुसतो. तलवार तलवारीला लागते न लागते. पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि म्हातारी माणसंसुद्धा टक्क जागी. तलवार लाकडाची आहे हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, कारण दुपारी त्याने ती हातात घेऊन बघितलेली असते.

भरताच्या नाट्यशास्त्रात यासाठी दोन शब्द आहेत, लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. जगात जसं घडतं तसं दाखवायचं ते एक. रंगभूमीच्या संकेतांनी दाखवायचं ते दुसरं. त्यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं भरत म्हणत नाही. दोन्ही धर्म आहेत, म्हणजे दोन्हीला आपापलं पथ्य आहे.

मला खटकतं ते धर्मांतर. तीन तास नाट्यधर्मी चाललेला सिनेमा शेवटी अडचणीत आला की अचानक एक शास्त्रज्ञ पात्र उभं राहून क्वांटम अमुकतमुक सांगतं. अरे, तू लाकडी तलवार घेऊन आला होतास ना? मग तिला धार आहे का ते सांगू नकोस.

शेवटची_लोकल

ओहोटी, _/\_. याहून चांगलं मला मांडता आलं नसतं.

कक्षेबाहेर

उशिरा आलो, पण लांबलचक लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

इथं सगळे सिनेमाविषयी बोलतायत, आणि माझ्या मते खऱ्या घटनाच जास्त चक्रावणाऱ्या आहेत.

पाठलागापासून सुरुवात. जून १९६५, अमेरिकेचं जेमिनी-४ यान. अंतराळवीर जिम मॅकडिव्हिटला काम साधं होतं: आपल्याच रॉकेटचा रिकामा टप्पा जवळच तरंगतोय, त्याच्याजवळ जा. त्याने तोंड तिकडे केलं आणि जोर लावला. टप्पा लांब गेला. पुन्हा जोर, पुन्हा लांब. इंधन जवळपास निम्म्यावर आलं तेव्हा प्रयत्न सोडून दिला. कारण कक्षेत पुढच्याच्या दिशेने जोर लावलात की तुमची कक्षा उंच होते, फेरी लांबते आणि तुम्ही मागे पडता. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या, लहान फेरीत उतरावं लागतं. म्हणजे चोराला पकडायला पोलिसाने ब्रेक मारायचा! विमानांच्या चकमकीचं फुटेज इथं शून्य कामाचं. पण हे कुणी नीट दाखवलं तर काय प्रसंग होईल बघा: शत्रू समोर, शंभर मीटरवर, आणि कॅप्टन म्हणतो, मागे सरका. दीड तासाने भेटू.

आता तोफ. सोव्हिएत संघाने १९७४ मध्ये सल्यूत-३ सोडलं. नागरी नावाखालचं ते अल्माझ प्रकल्पातलं लष्करी स्थानक होतं. त्याच्या पोटाला खरीखुरी, विमानातल्या तोफेवरून बनवलेली तोफ होती. ती फिरत नव्हती. नेम धरायचा तर अख्खं स्थानक वळवायचं. जानेवारी १९७५ मध्ये स्थानक पाडायच्या थोडं आधी, आत कुणी माणूस नसताना, ती चालवून पाहिली. धक्क्याने स्थानक भलतीकडे जाऊ नये म्हणून त्याच वेळी इंजिनंही चालवली. तोफ झाडायची आणि लगेच तिला मागून टेकू द्यायचा. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत पाठ केला होता, पण पोटात गेला तो हे वाचल्यावर.

हे एका पुस्तकमालेवरून आलेल्या 'द एक्सपान्स' मालिकेने मात्र पकडलंय. लढाईआधी जहाजातली हवा काढून घेतात, सगळे सूट चढवतात. भोक पडलं तरी हवेचा स्फोट नाही. असले बारकावे खर्चिक नसतात. फक्त कुणीतरी विचार केलेला असावा लागतो.

आणि आता बाण. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारी मालिका आठवतेय ना? दोन बाजूंनी बाण सुटायचे, आकाशात एकमेकांना भिडायचे, ठिणगी, आणि दोन्ही गायब. थोडे मोठे झाल्यावर आपण त्याला हसलो. २७ मार्च २०१९ ला भारताने नेमकं तेच केलं. मिशन शक्ती. लक्ष्य होता आपलाच ७४० किलोचा मायक्रोसॅट-आर, त्याच वर्षी जानेवारीत सोडलेला. ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून डीआरडीओचं क्षेपणास्त्र सुटलं आणि जवळपास ३०० किलोमीटर उंचीवर थेट जाऊन आदळलं. त्यात स्फोटक नव्हतं, लागतच नाही. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने येणाऱ्या १ किलो लोखंडात १ किलो टीएनटीपेक्षा किंचित जास्त ऊर्जा असते. वेग १० किलोमीटर झाला की १२ किलो टीएनटीएवढी. तो बाण सोन्याचा असो की पत्र्याचा, फरक पडत नाही.

मालिकेत चूक होती ती एवढीच: बाण गायब होत नाहीत. २०१९ मध्ये कक्षा मुद्दाम खालची निवडली होती, म्हणजे तुकडे लवकर वातावरणात येऊन जळतील. बहुतेक जळले, तरी काही उसळून अवकाश स्थानकाच्याही वर गेले. चीनने जानेवारी २००७ मध्ये फेंगयुन-१सी उपग्रह साधारण ८६५ किलोमीटरवर फोडला. त्याचे माग काढता येतील एवढे मोठे तुकडेच ३००० हून जास्त निघाले, आणि त्यातले पुष्कळ अजून फिरतायत. रशियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये कॉसमॉस-१४०८ उपग्रह फोडला तेव्हा स्थानकावरच्या अंतराळवीरांना परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं. त्यांत रशियाचे स्वतःचे दोघे होते.

सिनेमात जहाज फुटतं, आगीचा गोळा होतो, दोन सेकंदांत चौकट स्वच्छ. खऱ्या लढाईचा खरा देखावा दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि वीस वर्षं चालतो. तोच कुणी दाखवत नाही.

तिखटमीठ

मिशन शक्तीची तुलना टीव्ही मालिकेशी? शास्त्रज्ञांच्या कामाची चेष्टा चालली आहे का इथं? आणि कचऱ्याचं म्हणाल तर अमेरिकेने १९८५ मध्ये एफ-१५ विमानातून क्षेपणास्त्र मारून उपग्रह फोडला होता, २००८ मध्ये जहाजावरून. तेव्हा कुणी धागे काढले होते?

कक्षेबाहेर

२००८ मध्ये मी बारावीत होतो, तिखटमीठ, धागा काढला असता तर आईने मोडेम काढला असता.

चेष्टा अजिबात नाही, उलट आहे. ज्याला आपण भाबडेपणा म्हणून हसलो ती गोष्ट किती अवघड आहे आणि ती कुणीतरी करून दाखवली, हे म्हणतोय. अमेरिकेच्या दोन्ही उदाहरणांशी सहमत. २००८ चा उपग्रह तर २५० किलोमीटरच्याही खाली होता, म्हणून कचरा लवकर पडला. १९६२ चंही जोडा: ९ जुलैला पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुबॉम्ब फोडला. १४०० किलोमीटर लांब हवाईत रस्त्यावरचे दिवे गेले, आणि नंतर कितीतरी उपग्रह प्रारणाने निकामी झाले. हवाईतले लोक गच्चीवर उभे राहून ते लाल-हिरवं आकाश बघत होते म्हणे. अवकाशातला खरा 'देखावा' हवा असेल तर तो हा, आणि तो पुन्हा कुणाला बघायला न मिळो. १९६७ च्या करारात कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी आली. साध्या तोफेला मात्र त्यात बंदी नाही, म्हणून सल्यूतवरची तोफ करारात बसली.

तिखटमीठ

बरं. चेष्टा नाही म्हणताय तर ठीक. बाणाची गोष्ट वडिलांना वाचून दाखवली, त्यांना आवडली.

जुनी_सायकल

नमस्कार. मी इथं फारसा लिहीत नाही. एकतीस वर्षं रसायन कारखान्यात युटिलिटीजला काढली. बॉयलर, कूलिंग टॉवर, चिलर, हेच आयुष्य. आता निवृत्त.

धागालेखकाचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात तोफ चोवीस तास चालू धरली आहे. कारखान्यातसुद्धा बॅच अंगावर आली की चिलर पुरत नाही. तेव्हा आम्ही आधीच थंड करून ठेवलेल्या टाकीवर भागवायचो. लढाई ही बॅच आहे. मिनिटांत संपते. तेवढ्यापुरती उष्णता कुठंतरी जिरवली की झालं.

जिरवायला बर्फासारखी वस्तू नाही. शून्य अंशाचा १ किलो बर्फ वितळवायचा, उकळायचा आणि त्याची पूर्ण वाफ करायची, तर साधारण ३ मेगाज्यूल लागतात. तुमच्या तोफेची उष्णता सेकंदाला २.३ मेगाज्यूल. म्हणजे सेकंदाला पाऊण किलोच्या आसपास बर्फ. १ टन बर्फावर वीसेक मिनिटं तोफ चालेल. वाफ बाहेर सोडून द्यायची. पन्नास गुंठे नकोत, पत्रा नको. बर्फाच्या लाद्या भरा आणि निघा. चांद्रवीरांच्या सूटमध्ये हीच युक्ती होती, पाणी पोकळीत सोडून गोठवायचं आणि त्याच्या बाष्पीभवनाने माणूस थंड ठेवायचा.

तोटे आहेत. वाफ एका बाजूने सोडलीत तर जहाज दुसरीकडे ढकललं जाणार, म्हणून दोन्हीकडे सारखी सोडा. आणि लाद्या संपल्या की संपल्या.

आमच्या वेळी रात्रपाळीत टाकीची पातळी बघायला दर अर्ध्या तासाने जायचो. ती काटा उतरत जाण्याची धाकधूक ज्याने अनुभवली नाही त्याला तोफेची गंमत कळणार नाही.

पाऱ्याचा_थेंब

काका!! हे धाग्याच्या वर डकवायला पाहिजे.

म्हणजे कॅप्टनचा प्रश्न 'गोळ्या किती उरल्या' असा नसून 'लाद्या किती उरल्या' असा. आणि तेच पाणी प्यायचंही असणार. लढाई जिंकली पण परतीच्या प्रवासात तहान. मी लिहायला घेऊ का?

अनुराधा_नक्षत्र

घ्याच! आणि मला त्यात दृश्यही दिसतंय. वाफ पोकळीत गेली की गोठणार, बरोबर? म्हणजे प्रत्येक वेळी तोफ चालली की जहाजाच्या दोन्ही बाजूंनी बर्फाच्या कणांचे पिसारे, सूर्यप्रकाशात चमचमणारे. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेनला खिडकीबाहेर काजव्यांसारखे हजारो ठिपके दिसले होते. पुढच्या उड्डाणात कार्पेंटरने आतून भिंतीवर ठोकलं आणि आणखी उडाले, तेव्हा कळलं की ते यानाच्या अंगावरचं हिम आहे.

किरण दिसत नाही म्हणून तक्रार होती ना? किरण दिसायची गरजच नाही. पिसारा फुलला की तोफ चालली. आवाजासाठी मला आतला पंप द्या, सुरुवातीला भरलेला, शेवटी हवा ओढणारा. मोटर कोरडी पडल्याचा आवाज प्रत्येक सोसायटीतल्या माणसाला ओळखता येतो.

शेवटची_लोकल

मी हरलो असं समजू नका. :)

धागालेखक, शीर्षक बदला. तुम्ही म्हणता उष्णता कुणीच दाखवत नाही. १९७७ च्या त्या सिनेमाचा अख्खा शेवट कशावर बेतलाय? ग्रह फोडणाऱ्या त्या गोलाला एक भोक आहे, दोन मीटर रुंद. त्यातून टॉर्पेडो आत सोडतात आणि सगळं संपतं. त्या भोकाचं नाव काय? थर्मल एक्झॉस्ट पोर्ट. उष्णता बाहेर टाकायचं भोक! ज्या सिनेमात विमानं कलतात, हत्ती ओरडतो आणि ग्रह सेकंदात फुटतो, त्यातच शत्रूचं मर्मस्थान रेडिएटर आहे. सत्तेचाळीस वेळा पाहिलाय, मलाही आजच उमगलं.

जुनी_सायकल

दोन मीटर? एवढ्या लोडला? डिझाइन पास कुणी केलं?

पाऱ्याचा_थेंब

लोकल, शीर्षक राहू द्या, तुमचा प्रतिसाद खाली आहे तो लोक वाचतीलच. पण मान्य. एक टक्का उष्णता जरी त्या गोलात अडकली असती तरी ग्रहाआधी त्याचीच वाफ झाली असती. खरं तर त्यांनी टॉर्पेडो न मारता नुसतं भोक बुजवलं असतं तरी चाललं असतं.

भाच्याला फोन करून बर्फाचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे शत्रूनं तोफेवर नेम धरायचाच नाही. लाद्यांच्या खोलीवर ऊन पाडत बसायचं. तुझा तो दीड सूर्य पुरेल, मामा. फक्त वेळ लागेल."

कागद पुन्हा काढलाय.

टवाळ

रुमाल उचलायला आलो होतो. ओला झालाय.